समासात म्हटलेले दोन शब्द

शाळेत खोटं बोलायची एक हक्काची जागा असते. ती म्हणजे प्रगतिपत्रक. त्याचं कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. 'प्रयत्नशील आहे' असं लिहिलं की समजायचं, पोराला अजून काही येत नाही. 'वर्गात उत्साहाने भाग घेते' म्हणजे पोरगी एका जागी बसत नाही. वाचनाच्या पायऱ्या पाच: अक्षरं, शब्द, वाक्यं, परिच्छेद, गोष्ट. एखादं पोर दुसऱ्या पायरीवरून तिसरीकडे नुसतं बघत जरी असलं, तरी वर्षाच्या शेवटी शिक्षक त्याला काखेत हात घालून वर घेतो आणि तीन लिहून मोकळा होतो. सगळेच लिहितात. दुसरीच्या बाईही लिहायच्या.

पण त्या शाळेत खरं बोलायचीही एक जागा होती आणि ती फक्त दोघींना माहीत होती. शाळा उघडायच्या आदल्या दुपारी पहिलीच्या बाई दोन कप चहा घेऊन दुसरीच्या रिकाम्या वर्गात यायच्या. पहिलीच्या बाईंना दुसरीच्या बाई नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आक्का म्हणत आल्या होत्या. बाईंना वर्ग सांभाळायला शिकवलं ते आक्कानं. बाळंतपणानंतर तीन महिने त्यांचा वर्ग आपल्या वर्गात कोंबून चालवला तो आक्कानं. तर त्या दोघी पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसायच्या आणि आक्का पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन एकेक नाव खाली उतरवायची. "ह्याचं तीन लिहिलंय, तू दोन धर. ही गणितात हुशार आहे, पण विचारलं की रडते. ह्याला फळ्यावरचं दिसत नाही, आईला दोनदा सांगून झालं." बाई पेन्सिलीनं एका छोट्या वहीत उतरवून घ्यायच्या. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि अकरा वर्षांत आक्काचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता. पत्रकावर बाईंचा विश्वास नव्हताच. वहीवर होता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचंच दुखणं आहे. पाठ केलेलं म्हणणारं पोर आणि खरं वाचणारं पोर ओळखायचं कसं, हे बाईंनी शोधून काढलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका पोरानं अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला आणि बाईंच्या लक्षात आलं की त्याचं बोट तिसऱ्या ओळीवरच मुक्कामाला बसलंय. त्या धावत आक्काकडे गेल्या होत्या. "आक्का, तोंड ऐकू नकोस. बोट बघ." आक्काला ते इतकं आवडलं की तिनं ते शाळाभर केलं. वर्षातून एकदा तपासणीला येणारे साहेबसुद्धा पोरांची बोटं बघायला लागले. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी जुन्या मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर आक्का बसणार की बाहेरून कुणी येणार, यावर शिक्षकांच्या खोलीत महिनोन्‌महिने खल चालला. साहेबांनी आक्काला सांगून ठेवलं होतं की पहिलीच्या अठ्ठावीस पोरांतली पंचवीस जरी चौथ्या पायरीला लागली, तरी पुढचं ते बघून घेतील. आक्काची सव्वीस लागली. सुट्टीत हुकूम आला आणि आक्का मोठ्या बाई झाली. बाईंनी त्या दिवशी घरी गोड केलं. सख्ख्या बहिणीला मिळालं असतं तरी त्यांनी याहून जास्त काय केलं असतं?

खुर्ची मिळाली म्हणून आक्का चहाची दुपार विसरली नाही. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून, दोन कप घेऊन, ती नेहमीसारखी आली. फक्त यंदा गठ्ठा मांडीवर घेतला नाही, बाकावर ठेवला. म्हणाली, यंदा खरं-खोटं असं काही उरलंच नाही, जे लिहिलंय तेच आहे, सोन्यासारखा वर्ग देतेय तुला. बाईंनी वही उघडून ठेवली होती, ती तशीच कोरी राहिली. वरच्याच पत्रकावर एका मुलीचं नाव होतं. ती अखंड बोलायची म्हणून तिला शाळेत सगळे टकळी म्हणायचे. तिच्या नावावर बोट ठेवून आक्का म्हणाली, "हिची तर काळजीच नको. वाहतं पाणी आहे." टकळीच्या पत्रकावर वाचनापुढे चार लिहिलं होतं.

पहिले तीन आठवडे बाईंनी स्वतःलाच दोष दिला. आठ-नऊ पोरं साधी फळ्यावरची सूचना वाचताना चाचपडत होती. सुट्टीत पोरं विसरतात, हे खरं. पण अक्षरंसुद्धा? बाईंना वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. आवाज चढतोय, घाई होतेय, घरचं डोक्यात घेऊन येतोय. आक्काच्या हाताखालून आलेली पोरं आपल्या हातात येऊन बिघडली, ही त्यांना लाज वाटायची गोष्ट होती. म्हणून त्या आक्काकडे गेल्याही नाहीत.

चौथ्या आठवड्यात वाचनाची नवी कार्डं आली. जुनी पहिलीतच पोरांनी चघळून संपवली होती. छापणाऱ्यानं काटकसर म्हणून चित्रं तीच ठेवली होती, मजकूर मात्र बदलला होता. बाईंनी खिडकीजवळ दोन खुर्च्या ठेवल्या आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली. टकळी आली. बाईंनी तिच्या हातात विहिरीचं चित्र असलेलं कार्ड दिलं. टकळीनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, मान सरळ केली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं: "ही आमच्या गावची जुनी खोल विहीर आहे."

बाई आपल्या हातातल्या कागदावर शब्द मोजत होत्या. त्यांना वाटलं, आपण चुकीचा कागद घेतला. त्यांनी टकळीच्या खांद्यावरून वाकून कार्ड पाहिलं. कार्डावर लिहिलं होतं, 'विहिरीजवळ एक मोठं झाड आहे.' पाच शब्द. टकळीनं म्हटले होते सात. बोट प्रत्येक शब्दाखाली अगदी शिस्तीत थांबत गेलं होतं, आणि ओळ संपल्यावर उरलेले दोन शब्द, 'विहीर आहे', तिनं पुढच्या कोऱ्या समासात दोनदा बोट टेकवून म्हटले होते. तिथे काहीच नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा.

बाईंनी तिला पूर्ण म्हणू दिलं. मग हळूच विचारलं की हे इतकं छान कुणी शिकवलं. टकळीचा चेहरा फुलला. "आमच्या पहिलीच्या बाईंनीच! मधल्या सुट्टीनंतर आम्ही रोज म्हणायचो. आम्ही नऊजणं होतो, आम्हाला वेगळं बसवायच्या. बाई टाळी वाजवायच्या, टाळीला एक शब्द, टाळीला बोट पुढे." आणि आवाज खाली आणून, मोठं गुपित सांगावं तसं, ती म्हणाली, "साहेब तोंड ऐकत नाहीत, बोट बघतात."

पोराला काही येत नाही, याचं दुःख शिक्षकाला रोजचंच असतं, त्याची सवय होते. हे वेगळं होतं. बाईंनी विश्वासानं आक्काच्या हातात दिलेलं मापच आक्कानं वाकवलं होतं. बरं, साहेबांना फसवलं, खुर्चीसाठी फसवलं, तेही एकवेळ पोटात घातलं असतं. पण चहाच्या दुपारी? तिथे साहेब नव्हते, खुर्ची नव्हती, फक्त त्या दोघी होत्या. तिथे आक्का डोळ्यांत डोळे घालून म्हणाली होती, वाहतं पाणी आहे.

बाईंचा नवरा घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायचा. संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो आक्काबद्दल काही बोलला नाही, कारण बाईंसमोर आक्काबद्दल बोलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. इतकंच म्हणाला की मीटर उलटा फिरत नाही. या महिन्याचा आकडा मागच्यापेक्षा कमी आला, तर आम्ही घरमालकाला धरत नाही, मागच्या महिन्याचा आकडा कुणी लिहिला ते बघतो. बाई हातातली जुडी तशीच धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली घंटा व्हायच्या आत त्या आक्काच्या खोलीत गेल्या. प्रश्न नुसता मानापमानाचा नव्हता. शाळेत आठवड्यातून तीन दिवस एक खास शिक्षिका यायची आणि न वाचणाऱ्या बारा पोरांना वेगळं घेऊन बसायची. ती यादी शुक्रवारी बंद होणार होती. जागा दुसऱ्या किंवा त्याखालच्या पायरीवरच्या पोरांनाच. टकळीच्या पत्रकावर चार होतं. म्हणजे अक्षरओळख नसलेली पोरगी कागदावर इतकी हुशार होती की तिला मदत मिळणं शक्य नव्हतं. यंदाचं वर्ष गेलं, तर तिसरीत तिला कोण 'क' आणि 'फ' शिकवत बसणार होतं? ती बोलत राहील, पाठ करत राहील आणि एक दिवस पाठ करण्यापलीकडचं पुस्तक समोर येईल.

आक्कानं नाकारलं नाही, हे तिचं एक बरं. दार लावून घेतलं आणि म्हणाली की आठ-नऊ कमी पडत होती, काय करू? बाहेरून कुणी उपरा आला असता तर त्यानं शाळेची वाट लावली असती. एकदा खुर्ची मिळाली की पोरांचं बघता येईल, असं तिनं ठरवलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" बाई म्हणाल्या. "मी वहीत लिहून घेतलं असतं. पहिल्या दिवसापासून त्यांना 'क' पासून घेतलं असतं. एक महिना गेला, आक्का."

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली नसतीस."

"अकरा वर्षं कुणाला बोलले?"

आक्कानं टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. बाईंनी मागणी सांगितली: नऊ पत्रकं दुरुस्त करायची, खाली आक्काची सही. आक्का म्हणाली, ते होणार नाही. नऊ दुरुस्त केली की साहेब अठ्ठावीस तपासणार, चौकशी लागणार, आणि चौकशी संपेपर्यंत यादी बंदच. मग तिनं दुसरी वाट दाखवली. वर्गशिक्षिकेनं लेखी दिलं की मूल आपल्या वर्गात आल्यावर मागे पडलंय, तर ते थेट यादीत घेता येतं. नियमच आहे तसा.

"म्हणजे माझ्या वर्गात आली आणि विसरली, असं लिहू?"

"कागदावर गं. मी इथे बसलेय ना? तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

बाईंना त्या क्षणी दार उघडून सरळ साहेबांना फोन करावासा वाटला. पण पुरावा काय, तर सात वर्षांच्या पोरीचं गुपित. आणि शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. त्यांनी दुपारी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या. दुसरीच्या वर्गात आल्यापासून वाचनात घसरण. नऊ वेळा तेच वाक्य, नऊ वेळा आपली सही. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

चिठ्ठीची एक प्रत घरी पोचली, कुणीतरी वाचून दाखवली, तसा टकळीचा बाप आला. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवायचा. हाताला लोखंडाचा वास आणि बोटांत बारीक कीस. लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं, पण एकदा पाहिलेली किल्ली तो डोळे मिटून घासायचा. पोरीची पाठांतराची देणगी कुठून आली, हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. त्यानं पहिलीचं पत्रक दुकानाच्या काचेमागे लावलं होतं. गिऱ्हाइकाला चार दाखवायचा.

"राग मानू नका बाई," तो म्हणाला. "पण किल्ली फिरली नाही, तर आम्ही कुलपाला दोष देत नाही. पहिलीच्या बाईंकडे पोरगी वाचत होती."

बाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. ते त्यांनी गिळलं. बोलल्या असत्या, तर तो तावातावानं आक्काकडे गेला असता, चौकशी लागली असती आणि पोरीची जागा गेली असती. त्या म्हणाल्या, मी कमी पडले, आता तिला रोज बसवते. किल्लीवाल्यानं मान हलवली आणि निघाला. त्यानं पत्रक काचेमागून काढलं नाही, हे बाईंना बाजारात जाता-येता दिसत राहिलं.

पुढचे महिने टकळीला फार जड गेले. वाचनात तिची पहिल्यांदाच बोबडी वळली. खास शिक्षिकेनं तिच्याकडून कार्डं काढून घेतली आणि सुटी अक्षरं हातात दिली. बाईही रोज मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन बसायच्या. दहा वेळा 'क' काढून अकराव्यांदा चुकली की ती रुसायची. म्हणायची, मला हे नको, मला विहिरीचं द्या, ते मला येतं. बाई म्हणायच्या, ते तुला वाचता येत नाही गं राणी, ते तुला पाठ आहे. एक दिवस तिनं डब्यावरचं कंपनीचं नाव अडखळत वाचलं आणि दचकून बाईंकडे बघितलं. डब्यावर असं काही लिहिलेलं असतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

वर्षाच्या शेवटी साहेब तपासणीला आले. बरोबर मोठ्या बाई. साहेबांच्या हातात तक्ता होता आणि तक्त्यावर दुसरीची रेघ नऊ ठिकाणी खाली कोसळलेली. साहेबांनी भुवया उंचावून बाईंकडे पाहिलं. बाईंनी आक्काकडे पाहिलं. केसालाही धक्का लागू देणार नाही, असं म्हणालेली आक्का टेबलावरची धूळ पुसत होती.

साहेबांनी नेमकं टकळीलाच उठवलं. कधी न पाहिलेलं कार्ड तिच्या हातात दिलं. टकळीनं कार्डाकडे पाहिलं, मग आपल्या पहिलीच्या बाईंकडे पाहिलं, आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गुणी पोरीसारखं विचारलं, "बाई, आज पाठ केलेलं म्हणायचं, की खरं वाचायचं?"

साहेबांनी मोठ्या बाईंकडे वळून पाहिलं. बाईंना वाटलं, आता आक्का बोलेल. अकरा वर्षं ओळखलेली आक्का असेल तर आता बोलेलच.

आक्का बोलली. "खरं वाच, बाळ," ती म्हणाली, आणि साहेबांकडे बघून जरा हसून पुढे म्हणाली, "दुसरीत पाठ करून घेतलं असेल. मी बघते."

बोलून गेल्यावर तिचाच चेहरा उतरला, हे बाईंनी पाहिलं. पण शब्द गेला होता आणि तो मागे घ्यायला तिनं तोंड उघडलं नाही. बाईंना ओरडावंसं वाटलं नाही, रडावंसंही वाटलं नाही. आतलं काहीतरी एकदाचं विझलं. तेवढ्यात टकळीनं वाचायला सुरुवात केली होती, म्हणून त्या तिच्या बोटाकडे बघायला लागल्या. बोट अडत होतं. जोडाक्षरापाशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मिनिटाला वीस शब्दसुद्धा झाले नसतील. पण बोट जिथे होतं, तोंडही तिथेच होतं. ओळ जिथे संपली, तिथे ती थांबली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते गेले. जाताना बाईंना म्हणाले की पाठांतरावर इतका भर बरा नव्हे. बाई बरं म्हणाल्या. संध्याकाळी किल्लीवाला पोरीला न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला फाटकावरची पाटी वाचून दाखवली. तो तसाच उलट फिरला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन त्यांचे आभार मानून आला.

सुट्टी संपली. शाळा उघडायच्या आदल्या दुपारी दुसरीच्या रिकाम्या वर्गाचं दार वाजलं. आक्का दोन कप घेऊन उभी होती. किल्ल्यांचा जुडगा आज कमरेला नव्हता. ती आत आली, बुटक्या बाकावर बसली आणि म्हणाली, "त्या दिवशी माझ्या तोंडून कसं गेलं, मलाच कळलं नाही गं."

बाई फळा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी हात झटकले.

"कप ठेवा तिथे, मोठ्या बाई," त्या म्हणाल्या. "आणि यंदा पहिली मला द्या."

आक्कानं वर पाहिलं. पहिली मागितली म्हणजे काय मागितलं, हे तिला सांगावं लागलं नाही. पोराच्या नावापुढे पहिला आकडा पहिलीचे शिक्षक लिहितात. त्याच्यावरच पुढची सगळी रेघ उभी राहते.

"आकडे खाली येतील," आक्का म्हणाली. "माझ्या सव्वीसच्या पुढे तुझे दहा-बारा दिसतील. साहेब मलाच विचारतील."

"विचारतील ना. तुम्ही सांभाळून घ्या. तुम्ही इथे बसलाय ना?"

आक्कानं पहिलीच्या वर्गाची किल्ली पदराच्या गाठीतून सोडवून बाकावर ठेवली. बाईंनी किल्ली उचलली, टेबलावरची पेन्सिलीची वही घेतली आणि खडूचा डबा काखेला लावून त्या पहिलीच्या वर्गाकडे निघाल्या. आक्का त्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून तशीच बसून राहिली. तिच्या समोर दोन्ही कप भरलेले होते आणि चहावर साय धरायला लागली होती.